रस्त्यावरील संताप आणि प्राथमिक शाळेचे कार्य

मुंबईच्या उपनगरांत एका वाहनाचा दुसऱ्यास ओझरता धक्का लागला, कोणी डाव्या बाजूने मुसंडी मारून पुढे गेला, किंवा हिरवा दिवा लागूनही पुढची मोटार क्षणभर हलली नाही, एवढ्याशा कारणावरून शिवीगाळ होते. शिवीगाळीतून हातघाई उद्‌भवते, आणि कधी कधी माणसाचा प्राणही जातो. इंग्रजीत या प्रकारास 'रोड रेज' असे नाव आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी १९८७ च्या सुमारास महामार्गांवर गोळीबाराच्या घटना घडल्या, त्यानंतर हा शब्द प्रचारात आला. मराठीत त्यास 'रस्त्यावरील संताप' असे म्हणता येईल.

खेड्यातील शिक्षकास हा विषय प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. गावात ना सिग्नल, ना वाहनांची रांग. परंतु तीन कारणांमुळे तो शाळेच्या दाराशी येऊन पोचला आहे. पहिले कारण असे की, आज चौथीच्या वर्गात बसलेला मुलगा दहा-बारा वर्षांनी अंधेरीस रिक्षा चालवील किंवा बोरिवलीत दुचाकीवरून घरोघर सामान पोचवील, हे अनेक गावांचे वास्तव आहे. दुसरे असे की, नवे महामार्ग गावांना खेटून गेले आहेत, आणि शाळेत जाणारी मुले भरधाव वाहनांच्या वाटेत येतात. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चुकलेल्यास चुकू देणे आणि आलेला राग आवरणे या सवयी वाहन चालविण्याच्या परवान्याबरोबर मिळत नाहीत. त्या लहानपणी लागतात.

विषयाची व्याप्ती ध्यानात यावी म्हणून काही आकडे द्यावयास हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावरील अपघातांत मरण पावली. ५ ते २९ वर्षे या वयोगटातील मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण होय. केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ अपघात झाले व १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज सरासरी सुमारे ४६२ मृत्यू. महाराष्ट्रातील मृतांची संख्या त्या वर्षी १५ हजारांवर होती. देशातील या मृत्यूंपैकी शेकडा ७१ मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता असे तोच अहवाल सांगतो. यांतील प्रत्येक अपघात संतापाने झाला असे नव्हे. तथापि अतिवेग, चुकीच्या बाजूने पुढे जाणे आणि दुसऱ्यास वाट न देणे या सर्वांच्या पोटी एकच वृत्ती असते. ती म्हणजे, रस्ता माझा आहे व दुसरा त्यात अडथळा आहे, ही.

उपनगरांची रचना व रस्ते

मुंबईची उपनगरे म्हणजे एके काळची साष्टी बेटावरील गावे होत. १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आला. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके होत. जेथे भातखाचरे, वाड्या व गावठाणे होती, तेथे दोन-तीन पिढ्यांत दाट वस्ती झाली.

या भागाची ठेवण दक्षिणोत्तर लांबट आहे. पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्ग व पश्चिम द्रुतगती मार्ग, तर पूर्वेस लालबहादूर शास्त्री मार्ग व पूर्व द्रुतगती मार्ग, असे उभे रस्ते आहेत. त्यांस समांतर लोहमार्ग जातात. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्यास थोडेच पूल, थोडेच भुयारी मार्ग व जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यासारखे मोजके आडवे रस्ते उपलब्ध आहेत. यांतील एक जरी बंद पडला तरी सारी वाहने उरलेल्या वाटांवर लोटतात.

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल हे याचे बोलके उदाहरण होय. ३ जुलै २०१८ रोजी त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल धोकादायक ठरवून वाहतुकीस बंद करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली आणि मे २०२५ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. मधल्या काळात अंधेरीच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्यास रोज लांबचा वळसा घ्यावा लागे. पावसाळ्यात अंधेरीच्या भुयारी मार्गात पाणी साचले की तीही वाट बंद होई. अशा कोंडीत रोज तासभर अडकणारा माणूस आपल्या घरी स्वभावाने शांत असला तरी रस्त्यावर शांत राहीलच याची शाश्वती देता येत नाही. यास्तव रस्त्यावरील संतापाचा विचार करताना केवळ माणसाच्या स्वभावास दोष देऊन भागत नाही. रस्त्यांची रचना व त्यांची देखभाल यांचाही त्यात वाटा आहे.

त्यातच निरनिराळ्या प्रकारची वाहने एकाच रस्त्यावर एकत्र येतात. शहरात माहीम व शीव यांच्या दक्षिणेस रिक्षांना मज्जाव आहे. उपनगरांत मात्र रिक्षा हेच सर्वसामान्यांचे वाहन होय. भाड्याची रिक्षा चालविणाऱ्यास मालकाचे पैसे आधी सुटावे लागतात आणि मग घरखर्चास उरते. घरपोच सामान पोचविणाऱ्या तरुणाची कमाई खेपांवर असते. बेस्ट बसच्या चालकास वेळापत्रक सांभाळावयाचे असते. नोकरदारास घड्याळ दिसत असते. प्रत्येकाची घाई खरी आहे. परंतु दुसऱ्याची घाई कोणास दिसत नाही.

मालाडची घटना

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्याच्या सुमारास, मालाड पूर्व येथे घडलेल्या घटनेने सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. एका रिक्षाने पुढे जाताना वाट कापली, यावरून रिक्षाचालक व एक सत्तावीस वर्षांचा तरुण यांच्यात वाद झाला. वाद तेथेच मिटला असता. परंतु रिक्षाचालकाच्या बाजूने इतर माणसे जमली आणि त्यांनी त्या तरुणास मारहाण केली. त्यास वाचविण्यासाठी त्याची आई त्याच्या अंगावर आडवी पडली. तरीही मार थांबला नाही. तो तरुण मरण पावला. पोलिसांनी अनेकांना अटक केली.

या घटनेतील क्रम शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावा, कारण शाळेच्या अंगणातील भांडणाचा क्रमही बहुधा हाच असतो. आरंभी एक क्षुल्लक कृती घडते. समोरचा तिला चूक न मानता अपमान मानतो. मग शब्द येतात. त्यानंतर बघे जमतात, आणि बघे जमले की माघार घेणे दोघांनाही कमीपणाचे वाटू लागते. शेवटी काय घडले याची विचारपूसही न करता केवळ आपल्या बाजूचा म्हणून इतर माणसे हात उगारतात. या साखळीची कोणतीही एक कडी तुटली असती तर एक जीव वाचला असता. मारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मूळ वादाशी काही संबंध नव्हता, ही बाब सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी आहे.

राग का येतो

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी असे मत मांडले की, इच्छित ध्येयाकडे जाताना माणसास अडविले असता जे वैफल्य येते त्यातून आक्रमकता जन्मते. पुढे या मतात सुधारणा झाल्या. प्रत्येक वैफल्यातून आक्रमण होतेच असे नाही हे मान्य झाले. तरी वाहनांच्या कोंडीस ते चांगले लागू पडते, कारण तेथे ध्येय समोर दिसत असते आणि पाय मात्र जागीच अडकलेला असतो.

दुसरे कारण असे की, वाहनात बसलेला माणूस दुसऱ्यास माणूस म्हणून पाहत नाही. बाजारात चालताना खांद्यास खांदा लागला तर दोघेही थबकतात आणि एकमेकांचे तोंड पाहून पुढे जातात. काचेआड बसलेल्यास चेहरा दिसत नाही. त्यास केवळ एक गाडी दिसते, आणि स्वतःही तो अनोळखी असतो. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेने १९५० मध्ये 'मोटर मॅनिया' नावाचे एक छोटे व्यंगचित्र काढले होते. त्यातील गृहस्थ पायी चालत असता किड्यामुंगीसही न दुखविणारा असतो. तोच मोटारीत बसला की आक्रमक बनतो आणि खाली उतरताच पुन्हा सौम्य होतो. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ते चित्र आजच्या रस्त्यावर जसेच्या तसे दिसते.

तिसरे कारण न्यायबुद्धीतील दोषाचे आहे. आपण स्वतः घाईने वाट कापली तर त्याचे कारण आपणांस ठाऊक असते. कोणी आजारी असते, गाडी चुकणार असते. दुसऱ्याने तेच केले की तो उद्धट आहे, असा निवाडा आपण तत्काळ देतो. स्वतःस परिस्थितीचा लाभ द्यावयाचा व दुसऱ्याच्या मात्र स्वभावावर बोट ठेवावयाचे, ही मनुष्यमात्राची खोड आहे.

चौथे कारण सामाजिक आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतील डूब व ग्रॉस या दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियात केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाल्यावरही एक मोटार मुद्दाम उभी ठेवावयाची आणि मागचा चालक भोंगा वाजवितो की नाही हे पाहावयाचे, असा तो प्रयोग होता. पुढे नवी, महागडी मोटार असता शेकडा ५० चालकांनी भोंगा वाजविला. जुनाट मोटार असता हे प्रमाण शेकडा ८४ झाले. म्हणजे चूक तीच, खोळंबा तेवढाच, पण राग मात्र समोरच्याची पत पाहून प्रकट झाला. संताप अनावर होतो असे आपण म्हणतो, परंतु कोणापुढे अनावर व्हावयाचे हे त्यास बरेचसे कळते, असा याचा अर्थ होतो. उपनगरांतील रस्त्यावर मोटारवाला रिक्षावाल्यास, रिक्षावाला सायकलस्वारास आणि सर्वजण पादचाऱ्यास दटावतात, त्याचे मूळ येथे सापडते. ज्या अर्थी राग माणूस पाहून आवरता येतो, त्या अर्थी तो शिक्षणानेही आवरता यावा, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.

उष्म्याचाही परिणाम होतो. १९८६ मध्ये ॲरिझोनातील फीनिक्स शहरी झालेल्या प्रयोगात तापमान वाढेल तसतसे भोंगे वाजविण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. ज्यांच्या मोटारीस वातानुकूलन नव्हते त्यांच्या बाबतीत ते विशेष दिसून आले. मे महिन्यात घाटकोपरच्या कोंडीत दुपारी उभा असलेला रिक्षाचालक डोळ्यांसमोर आणल्यास याचा अर्थ सहज उमगतो.

भोंग्याचा उपद्रव

भोंगा धोक्याची सूचना देण्यासाठी असतो. परंतु कोंडीत तो रागाची भाषा बनतो. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी याबाबत एक मार्मिक प्रयोग केला, त्याची चित्रफीत जानेवारी २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. काही चौकांत सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडण्यात आले. थांबलेल्या वाहनांच्या भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जितका भोंगा अधिक तितके थांबणे अधिक. थोड्याच वेळात चालकांना कारण उमगले व आवाज उतरला. शिक्षेत मार नाही, दंड नाही, केवळ कृतीचे फळ कर्त्याच्या लगेच नजरेस आणून दिले आहे. वर्गात गलका झाला असता मोठ्याने ओरडणाऱ्या शिक्षकापेक्षा, गलका थांबेपर्यंत गोष्ट पुढे न सांगणाऱ्या शिक्षकाचा मार्ग याच जातीचा होय.

रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शांतता क्षेत्र जाहीर करता येतो, हेही मुलांस सांगावे.

वेगाचा हिशेब

घाईने नक्की काय मिळते, याचा हिशेब पाचवीपुढील मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. दहिसरहून वांद्र्यापर्यंत पश्चिम द्रुतगती मार्ग सुमारे २५ किलोमीटर आहे. सरासरी ताशी ४० किलोमीटर वेगाने तो ३७ मिनिटे ३० सेकंदांत संपतो, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने ३० मिनिटांत. म्हणजे रस्ता मोकळा मिळाला तर साडेसात मिनिटांची बचत. गर्दीच्या वेळी तो मोकळा नसतो, त्यामुळे पुढे धावलेला चालक पुढच्या सिग्नलला सर्वांबरोबरच उभा राहतो. रांगेतील एक मोटार ओलांडून पुढे घुसणारास काय लाभते, तर एका मोटारीची लांबी व थोडे अंतर मिळून फार तर ८ मीटर. ताशी ३० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या रांगेत तेवढे अंतर एका सेकंदात कापले जाते. ज्या एका वाटमारीवरून डोकी फुटतात, तिचे मोल एक सेकंद आहे.

आता थांबण्याचा हिशेब पाहू. समोर धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तोवर वाहन त्याच वेगाने धावत असते. त्यानंतर ब्रेक लागून ते थांबते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावरील मोटारीसाठी हिशेब सुमारे असा येतो. वेग ताशी ३० किलोमीटर असता पहिल्या सेकंदात ८ मीटर व ब्रेक लागल्यावर ५ मीटर, एकूण १३ मीटर. ताशी ४० किलोमीटर असता ११ व ९, एकूण २० मीटर. ताशी ६० किलोमीटर असता १७ व २०, एकूण ३७ मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे ३० व ६० यांच्या तुलनेवरून मुलांच्या ध्यानी येईल. ओल्या रस्त्यावर व भरलेल्या ट्रकच्या बाबतीत अंतर याहून वाढते.

समजा, मोटारीपुढे २० मीटरवर एक मूल चेंडूमागे रस्त्यात धावत आले. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार जेमतेम त्याच्यापाशी येऊन थांबेल. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीचे १७ मीटर तर पाय ब्रेकवर पडेपर्यंतच संपतात. उरलेल्या ३ मीटरांत वेग थोडाच उतरतो व ती मुलावर ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने आदळते. दोन्ही चालकांनी मुलास एकाच क्षणी पाहिले, दोघांनीही एकाच तत्परतेने ब्रेक दाबला. फरक केवळ आधीच्या वेगाचा आहे. संतापलेला चालक तर समोर पाहतच नसतो. त्याचे डोळे ज्याने वाट कापली त्याच्यावर खिळलेले असतात, त्यामुळे त्याचा पहिला सेकंद दोन सेकंदांचा होतो.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये २०१९ साली मोठ्या सुधारणा झाल्या. त्यांतील पुढील गोष्टी पालकसभेत अवश्य सांगाव्यात.

(१) मोटार किंवा गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ५० सी.सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीस १६ वर्षांची अट आहे. परवाना मात्र दोन्हींस हवा.

(२) अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

(३) दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकाने शिरस्त्राण वापरावयाचे आहे. शिरस्त्राण न वापरल्याने २०२२ मध्ये देशात ५०,०२९ जणांचे प्राण गेले. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते.

(४) रुग्णवाहिका व अग्निशामक वाहनास वाट न देणारास १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दुसऱ्या कलमाचे महत्त्व पुण्याच्या घटनेवरून ध्यानी येते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दुचाकीस धडक दिली व दोन तरुण अभियंते मरण पावले. बालन्याय मंडळाने जामीन देताना इतर अटींबरोबर अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्यावर देशभर रोष प्रकट झाला व पुढे तो आदेश बदलण्यात आला. निबंध हे शाळेचे साधन आहे. त्याचा उपयोग जीव जाण्यापूर्वी, वर्गात व योग्य वयात व्हावयास हवा, हा शिक्षकांनी यातून घ्यावयाचा बोध होय. अनेक गावांत आठवी-नववीतला मुलगा मोटारसायकल चालवितो याचे घरच्यांस कौतुक असते. ते कौतुक किती महागात पडू शकते हे पालकांस स्पष्ट शब्दांत सांगण्यास शिक्षकाने संकोच करू नये.

जखमीस मदत

रस्त्यावर बघ्यांचा जमाव जसा मारण्यास सरसावतो तसाच तो वाचविण्यासही सरसावू शकतो. पूर्वी पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक जखमीजवळ जात नसत. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या सुधारणेने त्यास कायद्याचे बळ मिळाले. जखमीस रुग्णालयात नेणारास स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीस वेळेत रुग्णालयात पोचविणारास देण्यात येणारे केंद्र शासनाचे बक्षीस २०२५ मध्ये २५,००० रुपये करण्यात आले. त्याच वर्षी अपघातग्रस्तास पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळण्याची योजनाही अधिसूचित झाली. संकटकाळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ व राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हे क्रमांक मुलांस तोंडपाठ असावेत.

शाळेत काय करता येईल

पहिली व दुसरीच्या मुलांस रस्ता ओलांडण्याचा सराव द्यावा. थांबणे, उजवीकडे पाहणे, डावीकडे पाहणे, पुन्हा उजवीकडे पाहणे व न धावता सरळ जाणे, हा क्रम अंगणात रेषा आखून रोज पाच मिनिटे करून घ्यावा. जेथे पदपथ नाही तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, एका ओळीत चालण्याची सवय लावावी.

तिसरी-चौथीत गावाचा नकाशा काढताना धोक्याच्या जागा लाल खडूने दाखवाव्यात. वळण, पूल, बाजाराचे ठिकाण, शाळेचे फाटक या जागा मुले स्वतःच सांगतील. मुलांनी दाखविलेली एखादी जागा खरोखरच धोक्याची असल्यास ती ग्रामपंचायतीच्या नजरेस आणावी. तेथे गतिरोधक किंवा सूचनाफलक झाला तर आपल्या अभ्यासाचा उपयोग झाला हे मुलांस दिसेल.

पाचवीपुढे वर दिलेला थांबण्याचा हिशेब मैदानावर फक्कीने आखावा. एका रेषेपासून १३, २० व ३७ मीटरवर मुले उभी करावीत. वहीतील आकडा पायांनी मोजला की तो विसरत नाही. विज्ञानाच्या तासास पट्टीचा प्रयोग करावा. एका मुलाने पट्टी उभी धरून अकस्मात सोडावी व दुसऱ्याने ती बोटांत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.२ सेकंद गेला असे समजावे. केवळ बोटे मिटण्यास, तेही मन एकाग्र असता, एवढा वेळ लागतो, तर ध्यानीमनी नसता धोका ओळखून पाय हलविण्यास एक सेकंद का लागतो हे मग समजावून सांगावे लागत नाही.

संतापाचा पाठ मात्र नाट्यीकरणाने द्यावा. एक रिक्षाचालक व एक मोटारवाला यांचा वाद मुलांनी करून दाखवावा. नंतर भूमिका बदलाव्यात व तोच वाद पुन्हा करावा. ज्याने मोटारवाला म्हणून शिवी दिली त्याच्या वाट्यास रिक्षाचालक म्हणून ती आली की त्याची भाषा बदलते. बाकीच्या मुलांस बघ्यांची भूमिका द्यावी व कोणता बघ्या भांडण मिटवील हे त्यांनाच ठरवू द्यावे. कोणी अंगावर आल्यास उलट उत्तर न देणे, वाहनातून न उतरणे, शक्य तर वाट देणे, वाहनाचा क्रमांक लक्षात ठेवणे व ११२ वर कळविणे, एवढे नियम या पाठाच्या शेवटी फळ्यावर लिहावेत.

या सर्वांहून मोठा पाठ रोज पोषण आहाराच्या रांगेत व नळाच्या तोटीपाशी होत असतो. रस्ता ही एक लांबलचक रांगच आहे. फरक इतकाच की तिथे शिक्षक उभा नसतो. मधे घुसलेल्या मुलास शिक्षकाने चापट मारली तर रांग सरळ होते खरी, परंतु बलवान असेल त्याने न्याय करावा हा धडाही त्याच क्षणी दिला जातो, आणि वीस वर्षांनी तोच धडा मालाडच्या रस्त्यावर गिरविला जातो. त्याऐवजी त्यास शांतपणे रांगेच्या शेवटी पाठवावे, आणि ज्याची पाळी गेली त्यास 'काय झाले ते सांग' म्हणून बोलते करावे. पाळी मोडणारास फळ मिळत नाही व तक्रार मुठीने न करता तोंडाने करता येते, या दोन गोष्टी मुलांस रोज पाहावयास मिळाल्या पाहिजेत.

शेवटी शिक्षकाच्या स्वतःच्या वागण्याविषयी. बहुतेक शिक्षक आज दुचाकीवरून शाळेत येतात. ते शिरस्त्राण घालून येतात की नाही, मोबाइलवर बोलत येतात की काय, फाटकाजवळ वेग कमी करतात की भोंगा वाजवीत मुलांना बाजूस सारतात, हे चाळीस-पन्नास डोळे रोज पाहत असतात. वाटेत कोणी आडवे आले असता शिक्षक काय बोलतो, हेही ते ऐकत असतात. वाहतुकीचा पाठ आठवड्यातून एकदा होईल. हा पाठ मात्र दररोज सकाळी, शाळा भरण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.